गॅलिपोलीतला खोटा मावळा आणि कुटचा पुसलेला शिपाई

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
आपल्या उपनगरातील मराठी मंडळ

विषय : २५ एप्रिलच्या बालप्रदर्शनातील फलकांच्या मजकुरात केलेले बदल

सप्रेम नमस्कार.

अँझॅक दिनानिमित्त, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या स्मरणदिनानिमित्त, आपण इथं ऑस्ट्रेलियात मुलांसाठी जे प्रदर्शन भरवणार आहोत, त्याच्या सहा फलकांचा मजकूर लिहायचं काम आपण माझ्याकडे दिलं होतं. मी तो दोन महिने खपून लिहिला. गेल्या बुधवारी रात्री त्याची 'अंतिम प्रत' मला ईमेलनं आली. सहाचे पाच फलक झाले होते. माझ्या मजकुरात 'पराभव' हा शब्द चार ठिकाणी होता, तो चारही ठिकाणांहून गेला होता. इराकमधल्या कुटला हिंदी सैन्य ज्या वेढ्यात अडकलं, त्या वेढ्याचा फलक पूर्ण काढून टाकला होता. शिवाय एक नवं चित्र आलं होतं : अँझॅक कोव्हच्या वाळूवर भाला घेतलेला, मंदिल बांधलेला मराठा शिपाई, आणि खाली ओळ, 'गॅलिपोलीत लढलेले आपले मावळे'.

मी दोनदा लिहून कळवलं की हे चुकीचं आहे. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं ते असं की छपाईची तारीख जवळ आली आहे, आणि शिवाय आपण या देशात बाहेरून आलेले, त्यांच्या पवित्र दिवशी पराभवाची भाषा आपण कशाला करायची. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. शाळेतल्या पालकांनी ते वाचावं आणि इतर शहरांतल्या मंडळींनीही वाचावं, कारण असे फलक एका मंडळाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यांवरची चूकही सोबत जाते.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते.

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ताकाचं गाडगं असायचं आणि त्यावर झाकण म्हणून एक जाड, जड, पितळेसारखी चकती. तळहाताहून थोडी मोठी. तिच्यावर उभी असलेली एक बाई, हात पुढे करून हार धरलेला, पायाशी सिंह, आणि कडेनं इंग्रजी अक्षरं. आजी ती चिंचेनं घासायची, त्यामुळे अक्षरं पार झिजली होती. आम्हा पोरांना ती अंबाबाईच वाटायची. सिंह होता ना जवळ! आजीही तिला देवीच म्हणायची आणि दसऱ्याला हळदकुंकू लावायची. ती चकती घरात कुठून आली, हे विचारलं तर एवढंच उत्तर मिळायचं : "बसऱ्याची आहे."

या देशात आल्यावर तिसऱ्या वर्षी मी माझ्या मुलाला घेऊन एका आरएसएल क्लबात, म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबात, गेले होते. तिथं भिंतीलगतच्या काचेच्या कपाटात तीच चकती होती. तीच बाई, तोच सिंह, तोच हार. मी काचेला हात लावून उभीच राहिले. तिथं देखरेखीला असलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. त्यांनी सांगितलं, पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी साम्राज्य सरकारनं अशी चकती पाठवली. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. कडेनं लिहिलंय ते असं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. ही कपाटातली चकती त्यांच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, गॅलिपोलीतल्या लोन पाइनच्या लढाईत गेलेल्या. मी म्हटलं, आमच्याकडे ही ताकाच्या गाडग्यावर असते. त्यांनी मला बसायला खुर्ची ओढून दिली. मग आम्ही तासभर बोललो. त्या तासाभरात ते गृहस्थ "आम्ही तिथं हरलो" असं किमान तीनदा म्हणाले, आणि प्रत्येक वेळी अगदी सरळ, मान वर ठेवून.

पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर भिंगातून पाहिलं तेव्हा आमच्या चकतीवरचं नाव लागलं. माझ्या आजोबांचे चुलते. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. बसऱ्याला उतरले, कुटच्या वेढ्यात सापडले, परत आले नाहीत. स्वातंत्र्यासाठी मेला, असं त्या धातूवर कोरून ज्या घरी पाठवलं, त्या घराला स्वतःला स्वातंत्र्य मिळायला अजून तीस वर्षं होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार 'पराभव' या शब्दाची. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलियन सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले ते एका मोठ्या बेताचा भाग म्हणून. दार्दानेल्सची सामुद्रधुनी उघडायची, इस्तंबूलपर्यंत जायचं, तुर्कस्तानला युद्धातून बाद करायचं आणि रशियाला रसद पोचवायची, असा तो बेत. त्याआधी १८ मार्चला नुसत्या आरमारानं हे जमवून पाहिलं होतं. तुर्कांनी गुपचूप पेरलेल्या सुरुंगांवर आदळून तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या आणि बाकीचं आरमार मागे फिरलं. मग पायदळ उतरवायचं ठरलं. आठ महिने झाले तरी सामुद्रधुनी उघडली नाही, इस्तंबूल दिसलंही नाही. २० डिसेंबरला पहाटेच्या आत अँझॅक आणि सुव्हा इथले शेवटचे सैनिक रातोरात काढून घेतले, आणि जानेवारी १९१६ मध्ये दक्षिण टोकाचं हेलेसही सोडलं. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक, न्यूझीलंडचे अडीच हजारांवर, ब्रिटिशांचे एकवीस हजारांवर लोक तिथं गेले, आणि समोर स्वतःच्या मातीसाठी लढणाऱ्या तुर्कांचे ऐंशी हजारांवर. याला पराभव नाही तर काय म्हणायचं? आपण माझ्या वाक्याच्या जागी लिहिलं आहे, 'अतुलनीय पराक्रमाची मोहीम'. पराक्रम होताच. पण मोहीम फसली, हे मुलांना सांगितलं नाही, तर ती माणसं मेली कशामुळे याचं उत्तर त्यांना कुठून मिळणार?

या देशाला त्या पराभवाची लाज वाटत नाही, हे मी आपल्याला सांगायची गरज पडू नये. इथं २५ एप्रिलला विजयाचा जल्लोष होत नाही. पहाटे अंधारात माणसं गोळा होतात, बिगुल वाजतो, सगळे गप्प उभे राहतात. ज्यांना आपण दुखवू नये म्हणून हा शब्द खोडला, त्यांनी तो कधीच खोडलेला नाही. आणि आपल्याला तरी हा शब्द परका आहे का? पानिपताला अडीचशेहून अधिक वर्षं झाली, तरी मराठी माणूस पानिपत विसरला नाही आणि त्याला विजय म्हणायलाही गेला नाही. आपल्या भाषेत ते नावच आपत्तीचा शब्द होऊन बसलं. हरलेली लढाई कशी जपायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं.

दुसरी तक्रार 'नेक' या जागेबद्दल. हा तिसरा फलक होता आणि तो लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपण त्यातलं 'चार फळ्या एकामागून एक धावून गेल्या' एवढंच ठेवलंत आणि त्या का धावल्या, ते काढलंत.

ते इथं पुन्हा लिहिते. ७ ऑगस्ट १९१५. डोंगराच्या कण्यावरची एक अरुंद पट्टी, रुंदीला दोन-तीन टेनिस कोर्टांएवढी. इकडे ऑस्ट्रेलियन खंदक, तिकडे तुर्की खंदक. तिकडे मशिनगना. इकडे लाइट हॉर्स, म्हणजे घोडेस्वार, पण घोडे इजिप्तमध्ये ठेवून पायी आलेले. बेत असा की न्यूझीलंडचे लोक मागच्या बाजूनं चुनुक बायर हे शिखर घेतील, तुर्कांचं लक्ष फाटेल, आणि त्याच क्षणी इकडून यांनी धावून जायचं. पहाटेपर्यंत ते शिखर हाती आलेलं नव्हतं. ज्या अटीवर हल्ला ठरला होता ती अटच पुरी झाली नव्हती, तरी हल्ला झाला. आपल्या तोफांचा मारा ठरल्या वेळेच्या सात मिनिटं आधीच थांबला. घड्याळं जुळवलेली नव्हती, असं याचं कारण मानलं जातं. त्या सात मिनिटांत तुर्क खंदकात परत येऊन नेम धरून उभे राहिले. साडेचारला पहिली फळी निघाली, सुमारे दीडशे माणसं. बंदुकीत गोळी भरायची नाही, नुसत्या संगिनीनं जायचं, असा हुकूम होता. ती फळी अर्ध्या मिनिटात आडवी झाली. दुसरी फळी ते बघत होती. तीही गेली. त्यानंतर तिसऱ्या फळीच्या अधिकाऱ्यांनी मागे निरोप पाठवला की हे थांबवा, याचा काही उपयोग नाही. वरून उत्तर आलं, पुढे जा. तिसरी गेली. चौथीतलेही बरेच गेले. २३४ माणसं मेली. ती त्या पट्टीवरच पडून राहिली. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा इतिहासलेखक चार्ल्स बीन तिथं परत गेला, तेव्हा त्यांची हाडं अजून उघड्यावर होती.

ही गोष्ट मी दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगून पाहिली आहे. आमच्या शनिवारच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "टीचर, पहिली लाइन पडली तर मग दुसऱ्या लाइनला कुणी थांबवलं का नाही?" या प्रश्नासाठीच तो फलक होता. तिचा प्रश्न हुकूम देणाऱ्याला होता. आपण तो मजकूर असा कापलात की आता तिनं फक्त टाळ्या वाजवायच्या. त्या मुलांचं धैर्य कमी करून सांगा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. ते निघाले, हे खरंच. पण त्यांना पाठवलं कुणी आणि कुठल्या भरवशावर, हे लपवलं की त्यांच्या मरणाचा जाब विचारायला कुणी उरत नाही. इंग्लंडच्या सरकारला स्वतःलाही तो जाब टाळता आला नाही. त्यांनी युद्ध चालू असतानाच दार्दानेल्स चौकशी आयोग नेमला होता.

तिसरी तक्रार मावळ्याच्या चित्राची, आणि ती मला सर्वांत जास्त लागली आहे.

गॅलिपोलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एकही पलटण उतरलेली नव्हती. हिंदी सैनिक होते, १५ हजारांच्या आसपास, आणि त्यांतले बरेच तिथंच मेले. पण ते शीख होते, गुरखे होते, पंजाबचे मुसलमान होते. २५ एप्रिलला अँझॅकच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा ज्या तोफा उतरल्या, त्या २६ व्या जेकब्स डोंगरी तोफखान्याच्या. खेचरांच्या पाठीवर सुटे भाग लादून चढवायच्या आणि वर जुळवायच्या तोफा. खेचरगाड्या हाकणारे हिंदी लोक रोज रात्री त्या दऱ्यांतून पाणी, दारूगोळा आणि शिधा वर पोचवायचे. वरच्या खंदकांत पाण्याचा थेंब नव्हता. जे पाणी ऑस्ट्रेलियन सैनिक प्यायले, त्यातलं बरंचसं आपल्या लोकांनी गोळीबारात वाहून नेलेलं होतं. तिथल्या एका घळीला आजही 'म्यूल गली' म्हणतात.

इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना सिम्प्सन आणि त्याच्या गाढवाची गोष्ट सांगतात. जखमींना गाढवावर घालून खाली आणणारा स्ट्रेचरवाला, १९ मे १९१५ ला मारला गेला. तो आपल्या पलटणीत न राहता त्या हिंदी खेचरवाल्यांच्या तळावर राहायचा. ते त्याला 'बहादूर' म्हणायचे. हे वाक्य मी दुसऱ्या फलकावर लिहिलं होतं. आपल्या मुलांना शाळेत माहीत असलेल्या गोष्टीत आपल्या देशाची माणसं अशी अलगद येऊन बसतात, म्हणून मला ते फार मोलाचं वाटत होतं. आपण ते 'जागेअभावी' काढलंत, आणि मावळ्याच्या चित्राला अर्धा फलक दिलात.

हे करताना दोन माणसांवर अन्याय झाला. जो तिथं होता, त्या पंजाबी खेचरवाल्याची जागा आपण घेतली. मेलेल्या माणसाची जागा घेणं मला तरी सहन होत नाही. आणि जो तिथं नव्हता, त्या मराठा शिपायाला आपण खोट्या ठिकाणी उभा केलात. उद्या कुणी जाणत्या ऑस्ट्रेलियन माणसानं ते चित्र पाहून आपल्या मुलांपैकी एखाद्याला विचारलं, कुठली पलटण होती ही, तर ते मूल काय सांगेल?

महाराष्ट्राशी गॅलिपोलीचा खरा धागा हवाच असेल तर तो आहे, आणि मी लिहिलाही होता. या अँझॅक सैन्याचा सेनापती विल्यम बर्डवुड हा आपल्या पुण्याच्या खडकीत जन्मलेला, हिंदी सैन्यात वाढलेला माणूस. तोही कापला गेला.

चौथी तक्रार कुटच्या फलकाची. इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण तो आता छापला जाणार नाही असं दिसतं आणि निदान इथं तरी तो कुणी वाचावा.

गॅलिपोली आणि कुट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. १९१५ च्या शरदापर्यंत लंडनमध्ये सगळ्यांना कळून चुकलं होतं की गॅलिपोली फसली आहे. गेलेली पत सावरायला कुठंतरी मोठा विजय हवा होता, आणि तो बगदादला मिळेल असं वाटलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तेव्हा पुढे घुसत होतं ते सहावं डिव्हिजन, ज्याचं नावच पूना डिव्हिजन. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी. नदीवर पुरेशा बोटी नव्हत्या, गाड्या नव्हत्या, जखमींसाठी धड सोय नव्हती. तरीही टाऊनशेंड या सेनापतीला बगदादकडे जाऊ दिलं. नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफॉनला लढाई झाली, पाऊल मागे आलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला हे थकलेलं सैन्य कुटला नदीच्या वळणात अडकलं.

याच मोहिमेत ऑस्ट्रेलियाची माणसंही होती. हिंदुस्थान सरकारनं वैमानिक मागितले, तेव्हा ऑस्ट्रेलियानं आपली पहिलीवहिली हवाई तुकडी पाठवली, 'हाफ फ्लाइट', म्हणजे अर्धी तुकडी. सगळी मिळून पन्नासाच्या आत माणसं. मुंबईमार्गे मे १९१५ मध्ये ती बसऱ्याला पोचली. विमानं इतकी हळू की वाळवंटातला वारा जोरात सुटला की जागच्या जागी अडून राहायची. जॉर्ज मर्झ हा त्यांच्यातला एक, पेशानं डॉक्टर. जुलै १९१५ मध्ये इंजिन बिघडून वाळवंटात उतरावं लागलं आणि तिथं तो मारला गेला. लढाईत मेलेला ऑस्ट्रेलियाचा हा पहिला वैमानिक. थॉमस व्हाइटला बगदादजवळच्या तारायंत्राच्या तारा तोडायला पाठवलं होतं. उतरताना विमान तारेच्या खांबाला अडकलं आणि तो पकडला गेला. आणि नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिक कुटच्या वेढ्यात राहिले. त्याच वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या. त्याच वेढ्यात माझ्या आजोबांचे चुलते होते.

वेढा चालला १४७ दिवस. बाहेरून सोडवायला आलेल्या सैन्याचे वीस हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. आत धान्य संपत आलं. गोरे शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. आपल्या लोकांनी कित्येक आठवडे ते तोंडी लावलं नाही. काहींना धर्माची अडचण होती, काहींना गावी काय म्हणतील याची. पिठाचा वाटा रोज घटत गेला, हिरड्या सडल्या, माणसं उभ्या उभ्या कोसळू लागली. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. उपाशी सैन्याला आभाळातून अन्न पुरवायचा जगातला पहिला प्रयत्न तो. पण तेरा हजारांच्या आसपास पोटांना ते किती पुरणार? २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पहिल्या अँझॅक दिनानंतर अवघ्या चार दिवसांनी.

सेनापती टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. त्या नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिकांपैकी सात परत आले नाहीत. आमचे कुठं पडले, कुटमध्ये, वाळवंटात की रुळांवर, ते आम्हाला आजही ठाऊक नाही.

शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ११ रुपये. ऑस्ट्रेलियन सैनिकाला दिवसाला ६ शिलिंग. त्या वेळचा रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा होता. म्हणजे आपल्या माणसाच्या महिनाभराच्या पगाराएवढं त्यांचा माणूस अडीच दिवसांत कमवत असे. उपास, तहान आणि कैद मात्र दोघांना एकच होती. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. आमच्या गावच्या चावडीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. तिथंही आकडाच. पानिपताच्या त्या सांकेतिक निरोपात मोती गळाल्याचं आणि मोहरा हरवल्याचं सांगितलं, पण रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, असंच म्हटलं होतं ना? आमच्या घरातला एक खुर्द्यातला होता. शंभर वर्षं तो ताकाच्या गाडग्यावर होता. मंडळाच्या फलकावर त्याला ऑस्ट्रेलियाच्या त्या सात जणांशेजारी दोन ओळींची जागा मिळेल, अशी मला आशा वाटली होती. आपण उत्तरात लिहिलंत की हा फलक 'विषयाला सोडून' आहे. ऑस्ट्रेलियन सैनिक, फसलेली मोहीम आणि मराठी माणूस हे तिन्ही जिथं खरोखर एकत्र आले, ती ही एकच जागा मला माहीत आहे. तीच विषयाला सोडून कशी?

पाचवी तक्रार लहान आहे. मुलांना खाकी कपडे आणि खेळण्यातल्या बंदुका देऊन संचलन करायचं ठरलं आहे. माझ्या वर्गातली मुलं त्यात येणार नाहीत. त्यांच्या पालकांशी मी बोलले आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. 'पराभव' हा शब्द चारही ठिकाणी होता तसा परत घालावा.

२. मावळ्याचं चित्र आणि त्याखालची ओळ काढावी. ती खोटी आहे. त्या जागी हिंदी खेचरवाल्यांचा आणि सिम्प्सनचा मजकूर घ्यावा.

३. नेकचा मजकूर कापण्याआधी होता तसा छापावा. लांब वाटत असेल तर माझ्यासमोर बसून कमी करू, पण हुकुमाची आणि नाकारलेल्या विनंतीची वाक्यं राहिली पाहिजेत.

४. कुटचा फलक परत लावावा. पैशाची अडचण असेल तर त्या एका फलकाची छपाई मी देते. तसं मी खजिनदारांना आधीही कळवलं आहे.

५. संचलनात बंदुका नसाव्यात. त्याऐवजी दोन मिनिटं शांत उभं राहावं, आणि ज्यांच्यासाठी उभं राहायचं त्यांत तुर्की सैनिकांचं नाव घ्यावं.

६. छपाईला जाण्यापूर्वी सगळा मजकूर शाळेच्या पालकांना एकदा वाचायला द्यावा.

कार्यकारिणीतल्या कुणावर माझा राग नाही. आपण सगळे दिवसभर आपापली कामं करून रात्री मंडळाचं काम करता, हे मला चांगलं ठाऊक आहे. गणपतीला हॉल मिळवण्यापासून ते शाळेच्या फळ्यापर्यंत सगळं आपणच उभं केलंत. म्हणूनच या मजकुराखाली मंडळाचं नाव येण्याआधी लिहिते आहे.

छपाई पुढच्या मंगळवारी आहे असं कळतं. मी शनिवारी साडेनऊपासून शाळेत आहे. ती चकती मागच्या वर्षी आजी गेल्यावर माझ्याकडे आली. सोबत घेऊन येईन. कार्यकारिणीपैकी कुणाला ती हातात घेऊन पाहायची असेल, तर वर्ग सुरू होण्याआधी यावं. नाव अजून वाचता येतं, फक्त उजेडाकडे तिरपी धरावी लागते.

आपली नम्र,
शनिवारच्या मराठी शाळेतील एक शिक्षिका